चव्वेचाळीस जणांची साळूबाई

दीपमाला गांगुर्डे यांचे वडील मनमाडला रेल्वेत तिकीट तपासनीस होते. बिनतिकिटाचा माणूस त्यांना गाडीत चढायच्या आधी, फलाटावरच ओळखू यायचा. “तिकीट असलेला गाडीकडे बघतो, नसलेला आपल्याकडे बघतो,” असं ते जेवताना सांगायचे, आणि शेजारी बसलेली लेक ते वरणभाताबरोबर गिळायची. पुढे लेक नाशिकच्या एका कॉलेजात वाणिज्य शाखेला प्राध्यापक झाली. वडील निवृत्त झाले, पण तपासणी काही घरातून गेली नाही.

अठरा वर्षांत मॅडमनी परीक्षेच्या वर्गात काय काय पकडलं नाही? पाण्याच्या बाटलीच्या लेबलामागे लिहिलेली सूत्रं पकडली, ओढणीच्या किनारीत शिवलेल्या चिठ्ठ्या पकडल्या, आणि एकदा तर एका मुलाच्या हातावरचं प्लास्टर काढायला लावलं. आत हात धडधाकट होता आणि हातावर बँकिंगचा अख्खा धडा होता. मुलं पाठीमागे त्यांना ‘टीसी’ म्हणत. मॅडमना ते ठाऊक होतं. त्यांनी कधी मनाई केली नाही, कारण मनातून त्यांना ते पदवीसारखं वाटायचं.

मग कोरोना आला आणि परीक्षा मुलांच्या घरी गेली. मुलगा कॅमेऱ्यासमोर बसायचा, कॅमेऱ्यामागे सगळं खानदान पुस्तकं उघडून बसायचं. कोरोना गेला, पण कॉलेजला एक गोष्ट आवडून गेली होती: वर्ग न भरता, पंखे न लावता, शिकवल्याचं दाखवता येतं. तेव्हापासून ‘परिसर आणि कारागिरी’ नावाचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम दर वर्षी चालू राहिला आणि तो दीपमाला मॅडमच्या गळ्यात पडला. मॅडमचे बावीस व्हिडिओ, शेवटी एक लेखी काम, पन्नास गुण. मुलं व्हिडिओ बघत, म्हणजे लावून ठेवत आणि आंघोळीला जात.

यंदाच्या लेखी कामासाठी मॅडमनी विषय दिला होता: आपल्या परिसरातल्या एका कारागिराला भेटा आणि त्याच्याबद्दल दोन पानं लिहा. शहाऐंशी मुलांची कामं आली. बाकीचे शिक्षक अशी कामं वाचत नसत, वजनावरून गुण देत. पण ऑनलाइनला वजन नसतं, आणि मॅडमना वाचायची खोड होती.

पहिलंच काम त्यांनी वाचलं आणि खुर्चीत सरळ होऊन बसल्या. येवल्याच्या साळूबाई नावाच्या पैठणी विणणाऱ्या बाईबद्दल होतं. साळूबाईंचा उजवा गुडघा डाव्यापेक्षा जाड आहे, कारण मागाची पावडी त्या उजव्या पायानेच दाबतात, असं त्यात लिहिलं होतं. जरीचा धागा तुटला की त्या शिवी देत नाहीत, धाग्याला ‘रुसू नको बाई’ म्हणतात, असंही होतं. मॅडमना वाटलं, चला, अठरा वर्षांत एक तरी मूल डोळे उघडे ठेवून कुठेतरी जाऊन आलं. त्यांनी मनातल्या मनात सेहेचाळीस गुण देऊन टाकले.

दुसरं काम उघडलं. त्यातही साळूबाई, आणि तोच जाड गुडघा. तिसऱ्यात, चौथ्यात, सातव्यात साळूबाई. चहा गार झाला तोवर येवल्याच्या त्या एका बाईकडे एकतीस जण जाऊन आले होते, आणि धागा प्रत्येकासमोर एकदाच तुटला होता.

पुढची तेरा कामं मात्र निराळी निघाली. त्यातल्या पहिल्याच कामात लिहिलं होतं: ‘साळू आजी दररोज आठ तास मागणीवर बसून अंतराळयान चालवते. साडीच्या समुद्रकिनाऱ्यावर सोनेरी जर असते आणि थरावर आणखी चार.’

मॅडमनी हे तीनदा वाचलं. मग मूळ उतारा शेजारी ठेवला: ‘साळूआजी रोज आठ तास मागावर बसून धोटा चालवतात. साडीच्या काठाला सोनेरी जर असते आणि पदरावर चार मोर.’ तेव्हा कुठे उलगडा झाला. या तेरा जणांनी शब्द बदलून देणाऱ्या कुठल्याशा ॲपमधून मजकूर फिरवून घेतला होता. ॲपने मराठीचं इंग्रजी केलं आणि इंग्रजीचं पुन्हा मराठी. त्या फेऱ्यात आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचं आधी ‘शटल’ आणि मग यान झालं, काठाचा समुद्र झाला आणि मोरांचं जे व्हायचं ते झालं.

मॅडम एकट्याच हसल्या आणि मग त्यांना फार राग आला. चिठ्ठी लिहायला निदान बारीक अक्षर तरी काढावं लागायचं. ओढणी शिवायला सुई लागायची. इथे चोरीलासुद्धा कष्ट नव्हते.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी हा सगळा प्रकार मांडला. संख्याशास्त्राचे हारुन पिंजारी सर डबा खात होते. सर सालस माणूस. कुणाचं वाईट चिंतायचे नाहीत आणि कुणाचा पेपर वाचायचे नाहीत.

“मॅडम, तुम्ही वाचता हीच चूक आहे,” ते म्हणाले. “वाचलं की दिसतं, दिसलं की करावं लागतं. मी सगळ्यांना पस्तीस ते बेचाळीसच्या मधले गुण देतो. वितरण छान येतं.”

“कशावरून देता?”

“हजेरी क्रमांकावरून. तक्रार आजवर एक नाही आली.”

ऑनलाइन विभाग बघणाऱ्या मनीषा बोरस्ते मॅडमना मात्र ही बातमी आवडली. कॉलेजने मागच्याच वर्षी चोरी ओळखणारं सॉफ्टवेअर आणलं होतं आणि त्याला अजून कोणी सापडलं नव्हतं. “तुम्ही कशाला डोळे फोडता?” त्या म्हणाल्या. “मशीन सांगेल ना.” आणि मशीनने अकरा मिनिटांत सांगितलं.

मशीनचा न्याय सोपा होता. ज्याचं आधी आलं तो मालक, ज्याचं नंतर आलं तो चोर. एकतीस सारख्या कामांपैकी निकिता नावाच्या मुलीचं काम पहिल्याच दिवशी आलेलं, म्हणून ती मालकीण ठरली आणि उरलेले तीस चोर. सगळ्यात शेवटी काम पाठवणारी येवल्याची मेहविश मोमीन, म्हणून ती तिसावी. तिच्या नावापुढे लाल अक्षरात ‘चौऱ्याण्णव टक्के नक्कल’ असं आलं. आणि ते अंतराळयानवाले तेरा? त्यांच्या नावापुढे हिरवी खूण होती. जगात कोणीच असं वाक्य लिहिलेलं नसल्यामुळे मशीनने त्यांना स्वतंत्र लेखनाचं प्रमाणपत्र दिलं.

“यान चालवणारे सुटले?” दीपमाला मॅडमनी विचारलं.

“मशीनला भावना नसतात मॅडम,” मनीषा मॅडम म्हणाल्या. “म्हणून तर ते निःपक्ष असतं.”

प्रकरण प्राचार्य वाघचौरे सरांकडे गेलं. सरांची रीत अशी की अडचण आली की समिती नेमायची. समितीला अडचण आली की उपसमिती. मनीषा मॅडम, हारुन सर आणि दीपमाला मॅडम अशी त्रिसदस्यीय समिती झाली. समितीपुढे कॉलेजची ‘वाङ्मयचौर्य प्रतिबंधक नियमावली’ ठेवण्यात आली. चौदा पानं, छान बांधलेली. नवव्या पानावर कलम होतं की दोषी विद्यार्थ्यास एक महिना वसतिगृहाच्या भोजनगृहातून वगळावं.

“आपल्याकडे वसतिगृह कुठंय?” हारुन सरांनी विचारलं.

बाराव्या पानावर उत्तर होतं. तिथे परराज्यातल्या एका विद्यापीठाचं नाव राहून गेलं होतं. चोरी कशी करू नये हे सांगणारी नियमावली उचलून आणली होती आणि उचलणाऱ्याला नाव खोडायचाही कंटाळा आला होता. समितीने ते पान पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि पान उलटलं. प्राचार्यांच्या कानावर घातल्यावर ते एवढंच म्हणाले, “मूळ हेतू बघा.”

शेवटी असं ठरलं की तीसही जणांनी स्वतःच्या शब्दात माफीपत्र लिहून द्यावं. ज्यांचं येईल त्यांना सोडून द्यावं. चार दिवसांत एकोणतीस पत्रं आली. सगळ्यांची सुरुवात ‘माझ्या हातून अनवधानाने घडलेल्या कृत्याबद्दल मी अंतःकरणपूर्वक दिलगीर आहे’ अशी होती. पुढे सगळ्यांनी ‘प्रामाणिकपणा हा यशाचा पाया आहे’ असं लिहिलं होतं. एका पत्राच्या शेवटी सहीच्या जागी ‘येथे आपले पूर्ण नाव लिहा’ असं छापलेलं तसंच होतं.

दीपमाला मॅडमनी ती पत्रं मनीषा मॅडमपुढे टाकली. “ही मशीनमध्ये घालू का?”

“अहो, माफी मागतायत ती पोरं,” मनीषा मॅडम दुखावल्या. “एकसारखी मागतायत हे तर चांगलंच आहे.”

एकोणतीस जण सुटले. माफीपत्र न देणारी एकच उरली, मेहविश मोमीन. समितीच्या अहवालात तिचं वर्तन ‘उद्धट’ ठरलं. तिला या विषयात अनुत्तीर्ण करावं अशी शिफारस झाली. चौऱ्याण्णव टक्के, वर माफी नाही; आता आणखी कसला पुरावा हवा? दीपमाला मॅडमनीही खाली सही केली. सही करताना त्यांना बरंच वाटलं. एवढ्या सगळ्या गोंधळात निदान एक तरी बिनतिकिटाचा हाती लागला होता.

त्याच संध्याकाळी मेहविशचा मेल आला. दोनच ओळी होत्या. ‘मॅडम, मी साळूआजींकडे तीन दिवस बसले होते. तुम्ही येऊन विचारा.’

मॅडमनी मेल बंद केला. मग पुन्हा उघडला. पकडलेल्या मुलांनी आजवर त्यांना नाना गोष्टी सांगितल्या होत्या. आजी वारली, बस चुकली, चिठ्ठी दुसऱ्याची आहे, प्लास्टर खरं आहे. ‘येऊन विचारा’ असं अठरा वर्षांत कोणी म्हणालं नव्हतं. त्यांनी मेहविशचं काम पुन्हा काढलं आणि या वेळी शेवटपर्यंत वाचलं. शेवटी चार वाक्यं अशी होती जी उरलेल्या तीस जणांकडे नव्हती. मशीनने सोडलेले सहा टक्के हेच. आपण सही करताना हे पाहिलंच नव्हतं, हे मॅडमच्या लक्षात आलं, आणि रात्रीचं जेवण त्यांना गोड लागलं नाही.

शनिवारी सकाळी त्यांनी नवऱ्याला एवढंच सांगितलं की येवल्याला जाऊन येते.

“पैठणी घ्यायला?” त्याने घाबरून विचारलं.

“नाही. एका बाईचा गुडघा बघायला.”

नवरा सातपूरला कारखान्यात सुपरवायझर होता. वेडंवाकडं उत्तर आलं की पुढे विचारायचं नाही हे त्याला सवयीने कळत होतं. मॅडमनी एसटी पकडली. निफाड गेलं, विंचूर गेलं, दोन्ही बाजूंना आधी द्राक्षाच्या बागा, मग कांद्याची शेतं. मॅडम खिडकीशी बसून मनातल्या मनात बोलणी तयार करत होत्या. मुलगी खोटी निघाली तर काय बोलायचं ते त्यांना चांगलंच येत होतं. खरी निघाली तर काय बोलायचं हे येवला स्टँड आलं तरी सुचलं नाही.

मेहविश स्टँडवर घ्यायला आली होती. किडकिडीत, चष्मा लावलेली, फार न बोलणारी मुलगी. तिच्या गल्लीला लागूनच साळूबाईंची गल्ली. दाराशी पोचताच आतून मागाचा आवाज ऐकू आला. साळूबाई जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसल्या होत्या. मॅडमची नजर आधी गुडघ्याकडे गेली, पण खड्ड्यामुळे काही दिसेना.

“याच का तुझ्या मॅडम?” साळूबाईंनी हात न थांबवता विचारलं. “बसा बाई. ती सतरंजी घ्या. हात थांबला तर नक्षी हुकती, म्हणून बोलत बोलत काम करते, राग मानू नका.”

“ही मुलगी तुमच्याकडे आली होती का, मावशी?”

“आली होती? तीन दिस उठलीच नाय. लय प्रश्न. हे का, ते का, गुडघा का सुजला. एकदा तर मधी हात घालून जरच तोडली माझी.”

मेहविशने मान खाली घातली. तिच्या दोन पानांत धागा तुटल्याचं होतं, तो कोणी तोडला ते नव्हतं.

“आणखी कोणी आलं होतं? मुलं, मुली, कॉलेजची?”

“कोणी नाय. का हो?”

“त्रेचाळीस जणांनी लिहिलंय की आम्ही तुम्हाला भेटलो.”

साळूबाईंचा हात आता थांबला. “येवढी माणसं आली असती तर च्या करण्यातच मी निम्मी झाले असते,” त्या म्हणाल्या.

मॅडमनी पिशवीतून कागद काढून तो दुसरा मजकूर त्यांना वाचून दाखवला, आठ तास अंतराळयान चालवते तो. साळूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “यान म्हंजे ते वर जातं ते?” त्यांनी मेहविशला विचारलं. मेहविशने हो म्हटलं. “मग मी येवढी वर्षं खड्ड्यात कशापायी बसले?” असं म्हणून त्या इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसावे लागले.

हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, “बाई, नक्षी तर आमी बी दुसऱ्याचीच काढतो. माझी सासू काढायची तोच मोर मी काढते. पण विणायला तर बसावं लागतं का नाय?”

मॅडमनी यानाचा कागद घडी करून पिशवीत ठेवला. त्यांनी मेहविशला विचारलं, “तुझं लिखाण सगळ्यांकडे गेलं कसं?”

“हर्षलने मागितलं होतं. निफाडचा हर्षल बोराडे, आमच्या ग्रुपचा ॲडमिन. म्हणाला, फक्त फॉरमॅट बघायचाय, कुठे काय लिहायचं ते. मी पाठवलं. मग शेवटच्या दिवशी मी परत आजींकडे आले, चार ओळी वाढवल्या आणि रात्री पाठवलं.”

“मग हे समितीला का नाही कळवलंस?”

“समितीने विचारलंच नाही. माफी मागायला सांगितलं फक्त.” मग कुठलाही ठसका न देता तिने सांगितलं, “मॅडम, खरं सांगू का, कोणी वाचेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. तुमच्या पहिल्या व्हिडिओत तुम्ही अजून म्हणता, मास्क लावा आणि घराबाहेर पडू नका. सातव्यात कुकरची शिट्टी होते आणि तुम्ही ‘आले’ म्हणून उठून जाता. ते पण दर वर्षी तसंच आहे. मुलांना वाटलं, मॅडम पण तेच तेच पाठवतात, आपण पण पाठवू.”

मॅडमचा चेहरा उतरला. पाच वर्षं दर दिवाळीच्या सुट्टीत त्या नवे व्हिडिओ करायचं ठरवत होत्या. दर वर्षी फराळ होत होता, व्हिडिओ होत नव्हते. समोरच्या मुलीने टोमणा मारला असता तर त्यांना उत्तर देता आलं असतं. पण तिने फक्त माहिती दिली होती.

“मी तुझ्याविरुद्ध सही केली आहे,” त्या म्हणाल्या.

“मला माहीत आहे मॅडम. अहवाल ग्रुपवर आला होता.”

सोमवारी मॅडमनी कोणाला न विचारता चव्वेचाळीस जणांची तोंडी परीक्षा लावली. व्हिडिओ कॉलवर, एकेकाची तीन मिनिटं. परीक्षा सुरू झाली आणि नाशिक जिल्ह्यातलं इंटरनेट एकाएकी आजारी पडलं. कोणाचा कॅमेरा चालेना, कोणाचा आवाज येईना. एकाचा आवाज ‘आवाज येत नाही मॅडम’ एवढंच सांगण्यापुरता स्पष्ट येत होता. स्नेहल नावाच्या एका मुलीने मात्र पहिल्याच प्रश्नाला सांगून टाकलं, “मॅडम, मी ते वाचलं नाही, नुसतं पाठवलं.” मॅडमना तिचा एवढा आधार वाटला की त्यांनी तिचे आभार मानले.

हर्षल बोराडे तयारीने बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मागे पुस्तकांचं चित्र.

“साळूबाई रोज काय चालवतात?” मॅडमनी विचारलं.

त्याने डोळे किंचित खाली फिरवले. “यान, मॅडम.”

“कसलं यान?”

“सरकारी असावं, मॅडम.”

“येवल्यात?”

“येवल्यात आता बरीच सुधारणा झाली आहे, मॅडम.”

मॅडमनी त्रेचाळीस जणांना शून्य दिलं, मेहविशला पन्नासपैकी सेहेचाळीस, आणि आपली आधीची सही मागे घेत असल्याचं पत्र प्राचार्यांना दिलं. प्राचार्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“मॅडम, पुढच्या महिन्यात मूल्यांकन समिती येतेय. त्रेचाळीस नापास म्हणजे निकाल पन्नास टक्क्यांवर. आणि तुम्ही येवल्याला गेलात कोणाच्या परवानगीने?”

“सुट्टी होती, सर.”

“सुट्टीत तपास करणं नियमबाह्य आहे. तुमची साक्ष धरता येणार नाही.” मग आवाज मऊ करून ते म्हणाले, “तुम्ही दमला आहात. पुढच्या सत्रापासून हा विषय हारुन सर बघतील. तुम्हाला वाहनतळ समिती देतो. मोकळ्या हवेत असतं.”

निकाल लागला तेव्हा सगळ्यांना सरसकट अडतीस गुण होते. साळूबाईंसमोर तीन दिवस बसलेल्या मेहविशलाही अडतीस. तिच्यावरचा ठपका ‘सहानुभूतिपूर्वक’ काढला होता, म्हणजे तिने चोरी केली नव्हती असं नव्हे, तर चोरी माफ केली होती.

इथवर प्रकरण मिटलं असतं. पण गुणगौरव समारंभात या वर्षी ‘सर्वाधिक मौलिक लेखन’ असं नवं पारितोषिक होतं, आणि वशिल्याचा आरोप नको म्हणून विजेता मशीनने निवडला होता. शंभर टक्के स्वतंत्र लेखन असलेला एकच निघाला, हर्षल बोराडे. दीपमाला मॅडम छापील प्रत घेऊन धावत प्राचार्यांकडे गेल्या. सरांनी यानाची ओळ वाचली आणि म्हणाले, “कल्पनाशक्ती आहे पोरात.”

समारंभाला सभागृह भरलं होतं. हर्षलचे वडील निफाडहून आले होते, पांढरी टोपी घालून पहिल्या रांगेत. प्रमुख पाहुणे कुठल्याशा पतसंस्थेचे अध्यक्ष होते. प्राचार्यांनी हर्षलला शाल दिली आणि उत्साहाच्या भरात सांगितलं, “आपला लेख वाचून दाखव सगळ्यांना.”

हर्षलने कागद घेतला. आपण काय लिहिलं आहे हे तो आयुष्यात पहिल्यांदा सलग वाचत होता. पहिल्या परिच्छेदापर्यंत आवाज खणखणीत होता. ‘अंतराळयान’पाशी तो अडखळला. ‘समुद्रकिनाऱ्यावर’ला आवाज उतरला. ‘थरावर आणखी चार’ला त्याने मान वर करून सभागृहाकडे पाहिलं, कोणीतरी हसेल या भीतीने. कोणी हसलं नाही. प्राध्यापक मोबाईल बघत होते, पाहुण्यांचे डोळे मिटले होते. भिंतीशी उभ्या असलेल्या दीपमाला मॅडमवर त्याची नजर गेली, आणि मग त्याने उरलेलं पान एका श्वासात संपवलं. टाळ्या झाल्या. पाहुणे जागे होऊन टाळ्यांत सामील झाले.

बाहेर चहाच्या टेबलापाशी वडिलांनी त्याला गाठलं. मॅडम दोन पावलांवर होत्या.

“हर्षल,” वडील हळू आवाजात म्हणाले, “मी तर दर मंगळवारी येवल्याच्या बाजारात असतो. तिथं यान कधी आलं रे?”

“ते माझं नाही, अण्णा,” तो म्हणाला.

“मग शाल कोणाची हे?”

हर्षलने शाल काढून तिची घडी घातली. त्या रात्री ग्रुपवर त्याचा संदेश आला: ‘साळूबाईचा लेख मेहविशचा होता. मी फक्त फॉरवर्ड केला. सॉरी.’ दोन तासांनी धैर्य ओसरलं आणि त्याने तो पुसून टाकला. पण तोवर मेहविशने त्याचा स्क्रीनशॉट घेतला होता.

तो स्क्रीनशॉट तिने फेरतपासणीच्या अर्जाला जोडला. मॅडमचा प्रवास, तोंडी परीक्षा, साळूबाईंचं म्हणणं, यातलं काहीही ज्या कॉलेजला चाललं नव्हतं, त्या कॉलेजला तो स्क्रीनशॉट लगेच चालला, कारण तो ‘डिजिटल पुरावा’ होता. मेहविशचे गुण सेहेचाळीस झाले. शाल परत मागायची कोणाला आठवण झाली नाही.

दीपमाला मॅडम सध्या सकाळी साडेसातला वाहनतळावर उभ्या असतात आणि आडव्या लावलेल्या दुचाक्या सरळ करून घेतात. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी बावीसच्या बावीस व्हिडिओ नव्याने केले, विषय आपल्याकडे नसतानाही, आणि हारुन सरांना देऊन टाकले. मेहविशने ते बघितले आणि अकराव्यात एक आकडा चुकलाय असं कळवलं. मॅडमनी तो व्हिडिओ पुन्हा केला.

मागच्या आठवड्यात हारुन सर वाहनतळावर आले. चेहरा ओढलेला होता.

“मॅडम, तुमच्यामुळे मी यंदा वाचायला लागलो,” ते तक्रारीच्या सुरात म्हणाले. “सदतीस जणांनी सिन्नरच्या एकाच कुंभाराला गाठलंय. आता काय करू?”

“कुंभाराला विचारा.”

सर रविवारी सिन्नरला गेले. सोमवारी परत आले ते थेट मॅडमकडे. तो कुंभार दोन वर्षांपूर्वी वारला होता, आणि त्याची सून सरांना म्हणाली होती की मामंजी गेले तेव्हा दारात एवढी माणसंही जमली नव्हती. सदतीस जणांनी त्याची मुलाखत गेल्या महिन्यात घेतली होती. तब्येत कशी आहे असं विचारल्यावर त्याने ‘उत्तम’ असं सांगितलं होतं.

“मग गुण किती देताय?” मॅडमनी विचारलं.

“अजून ठरलं नाही,” हारुन सर म्हणाले. “पण हजेरी क्रमांकावरून नाही.”